चुलीकडून गॅसकडे स्थित्यंतर (मुरबाड व शहापूर तालुके)

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर या तालुक्यांच्या ग्रामीण भागात स्वयंपाकासाठी पूर्वापार लाकडाची चूल वापरली जाते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून येथे द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे बोलीभाषेतील गॅस, मोठ्या प्रमाणावर पोचला. मात्र गॅसची जोडणी घेणे आणि चूल बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक घरांत दोन्ही साधने शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे कुटुंबापुढील खरा प्रश्न जोडणी घेताना नव्हे, तर पहिला सिलिंडर संपल्यावर उभा राहतो: तो पुन्हा भरून आणावा, की सरपणावर भागवावे?

पार्श्वभूमी

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले असून तेथे भात हे मुख्य पीक आहे. कुणबी व आगरी समाजांबरोबरच ठाकूर, महादेव कोळी, कातकरी व वारली या आदिवासी जमातींची वस्ती येथे आहे. ऐन, धावडा, किंजळ अशा झाडांच्या वाळलेल्या फांद्या सरपण म्हणून वापरल्या जातात. झाडांच्या तोडलेल्या फांद्या व पाला भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्यासाठीही लागतो. परिणामी एकाच रानावर शेती आणि चूल या दोहोंचा भार पडतो.

सरपण गोळा करण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुली करतात. पावसाळ्याआधी मोळ्या आणून पडवीत रचून ठेवल्या जातात. साठा अपुरा पडल्यास किंवा भिजल्यास ओल्या लाकडावर स्वयंपाक करावा लागतो आणि धूर वाढतो. पावसामुळे दारे-खिडक्या बंद असल्याने तो घरातच कोंडतो. शहापूर तालुक्यातील काही जंगल तानसा अभयारण्यात मोडत असल्याने तेथे लाकूड गोळा करण्यावर निर्बंध आहेत.

मुंबईत बर्मा शेल कंपनीने १९५५ मध्ये 'बर्शेन' या नावाने घरगुती गॅस विक्रीस आणला. त्याच महानगरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेल्या येथील पाड्यांवर तो पोचण्यास मात्र सुमारे सहा दशके लागली.

इंधनांची तुलना

एक किलो गॅसपासून सुमारे ४६ मेगाज्यूल, तर एक किलो वाळलेल्या लाकडापासून सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता मिळते. पारंपरिक चुलीत त्यातील साधारण १० ते १५ टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोचते. गॅसच्या शेगडीत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असते. या हिशेबाने १४.२ किलोचा एक सिलिंडर साधारणपणे १६० ते २४० किलो लाकडाचे काम करतो. वीस किलोची एक मोळी धरली, तर रानातील आठ ते बारा खेपा वाचतात.

सरपण विकत घ्यावे लागत नसेल, तर ते फुकट मिळते असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याची किंमत स्त्रीच्या वेळेच्या व श्रमाच्या रूपाने मोजली जाते; घराच्या जमाखर्चात ती दिसत नाही. सिलिंडरची किंमत मात्र रोख द्यावी लागते. म्हणूनच खर्च करणारी व्यक्ती आणि मोळी वाहणारी व्यक्ती वेगळ्या असतील, तेव्हा या दोघांचा हिशेबही वेगळा येतो.

आरोग्य

लाकडाच्या अपूर्ण ज्वलनातून सूक्ष्म धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड व अन्य घातक पदार्थ बाहेर पडतात. दीर्घकाळ चालणारा श्वसनमार्गाचा अवरोधक विकार, हृदयविकार, फुफ्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू आणि बालकांमधील न्यूमोनिया यांच्याशी त्यांचा संबंध जोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत चुलीजवळ बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणाऱ्या धुराची मोजणी केली होती.

धूर निम्मा झाला म्हणजे धोकाही निम्मा होतो, असे नाही. धोक्यात ठळक घट होण्यासाठी धूर फार खालच्या पातळीवर आणावा लागतो. गॅसवर चहा आणि चुलीवर भाकरी अशी विभागणी केल्यास वेळ वाचतो, पण आरोग्याचा लाभ मर्यादित राहतो. शेजारच्या घरांचा धूर, कचरा जाळणे व वाहने हीही प्रदूषणाची कारणे आहेत. भारत, ग्वाटेमाला, पेरू व रवांडा या देशांत सुमारे ३,२०० गरोदर स्त्रियांच्या घरांत झालेल्या चाचणीत गॅस दिल्यानंतर स्त्रियांच्या वाट्याचा धूर बराच घटला. तरी नवजात बालकांच्या वजनात व बालकांच्या तीव्र न्यूमोनियाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. गॅस हा आवश्यक उपाय असला, तरी तो एकटाच पुरेसा नाही, असा याचा अर्थ लावला जातो.

शासकीय योजना

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. तीत गरीब कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावे जोडणी दिली जाते. २०१८ मध्ये अनुसूचित जमाती व वनवासी यांचा समावेश करून तिची व्याप्ती वाढवण्यात आली. २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी व पहिला सिलिंडर मोफत देण्यात आला आणि स्थलांतरित कुटुंबांसाठी पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरण्यात आले. उज्ज्वला लाभार्थींना मे २०२२ पासून प्रत्येक सिलिंडरमागे २०० रुपये, तर ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान जाहीर झाले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेद्वारे पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची तरतूद केली.

पाच माणसांच्या कुटुंबाचा सर्व स्वयंपाक गॅसवर झाल्यास एक सिलिंडर साधारण महिना ते दीड महिना पुरतो. त्यामुळे वर्षाला आठ ते बारा सिलिंडर लागतात. देशभरातील उज्ज्वला लाभार्थींची सरासरी मात्र २०१९-२० मध्ये सुमारे तीन आणि २०२३-२४ मध्ये सुमारे चार सिलिंडर इतकीच होती.

चूल टिकून राहण्याची कारणे

अनुदान बँक खात्यात नंतर जमा होते; सिलिंडर घेताना पूर्ण रक्कम हाती असावी लागते. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः भात घरात येण्यापूर्वीच्या पावसाळी महिन्यांत, ही रक्कम उभी करणे जड जाते. दूरच्या पाड्यावरून वितरकापर्यंत जाण्या-येण्यात दिवसाची मजुरीही बुडते. वीटभट्टीवर कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांची जोडणी गावातच राहते आणि भट्टीवर पुन्हा तीन दगडांची चूल मांडली जाते. पाच किलोचा लहान सिलिंडर उपलब्ध असून तो नेण्यास व एकरकमी खर्चास सोपा पडतो.

चूल केवळ अन्न शिजवत नाही. अंघोळीचे पाणी तिच्यावर तापते, थंडीत ऊब मिळते, माळ्यावरचे बियाणे व सुकी मासळी धुरामुळे किडीपासून टिकते. कुडाच्या भिंती व छपराच्या लाकडालाही धुराचे संरक्षण मिळते. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी चुलीच्या निखाऱ्यावर अधिक चांगली फुगते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

सुरक्षितता

गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. चूलही जमिनीवरच असते. म्हणून एकाच खोलीत पेटती चूल आणि सिलिंडर ठेवणे धोक्याचे ठरते. सिलिंडर उभा ठेवणे, शेगडी त्याहून उंच ओट्यावर ठेवणे आणि रबरी नळी ठरावीक मुदतीत बदलणे आवश्यक असते. वास आल्यास विजेचे बटण चालू वा बंद करू नये, चूल किंवा दिवा पेटवू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात व रेग्युलेटर बंद करावा. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

अन्य पर्याय

गोबरगॅस हा पर्याय जनावरे असलेल्या घरांस उपयुक्त आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला दररोज सुमारे ५० किलो शेण लागते. त्यासाठी चार-पाच जनावरे असावी लागतात. भूमिहीन कुटुंबांना तो सहसा परवडत नाही. केंद्र शासनाचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू होऊन २००२ मध्ये थांबला. धुराड्याच्या सुधारित चुलीने सरपण व घरातील धूर कमी होतो. मात्र धुराडे वेळोवेळी साफ न केल्यास हा लाभ टिकत नाही.

निर्णयाचे निकष

दोन्ही साधने बाळगणाऱ्या घरात कोणते काम कशावर करायचे, हा क्रम महत्त्वाचा ठरतो. रोजचा भात, कालवण व भाकरी गॅसवर आणून अंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात किंवा उघड्या पडवीत हलवल्यास घरातील धूर सर्वाधिक घटतो. घरात गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण असल्यास ही निकड वाढते. सिलिंडर मोजकेच परवडत असतील, तर ते पावसाळ्यासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर असते, कारण त्या काळात सरपण ओले आणि धूर सर्वात दाट असतो. त्यासाठीची रक्कम मात्र उन्हाळ्यात, हाती मजुरी असतानाच बाजूला काढावी लागते.