हिवाळा, हॉस्टेल आणि खाज

डिसेंबर आला की हॉस्टेलमध्ये तीन गोष्टी हमखास दिसतात : सबमिशनची धावपळ, गरम पाण्यासाठी लागलेली बादल्यांची लाईन आणि लेक्चरला कराकरा खाजवणारी पब्लिक! पोटरीवर नखानं रोल नंबर लिहिला तरी वाचता येतो. पण हे होतं कशामुळे?

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे एक भिंत समजा. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड हे सिमेंट. (सिव्हिलवाले खूश!) सिमेंट शाबूत तोवर आतलं पाणी आत राहतं. हिवाळ्यात हवेत बाष्प कमी, म्हणून पाणी भराभर उडतं. थर्मोवाल्यांनी साइक्रोमेट्रिक चार्ट आठवावा : बाष्प तेवढंच ठेवून हवा तापवली की सापेक्ष आर्द्रता उतरते. म्हणजे रूममध्ये हीटर लावला की ऊब मिळते, पण त्वचा अजून सुकते.

त्यात आपली आंघोळ! कढत पाणी आणि साबण मिळून ते सिमेंटच धुऊन काढतात. त्वचेचा पीएच साधारण ५, नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. मग खाज, खाजवलं की ओरखडे, आणि ओरखड्यांमुळे पुन्हा खाज.

उपाय सोपे आहेत. पाणी कोमट घ्या, पाच-दहा मिनिटांत आटपा. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच पुरे. अंग घासू नका, टिपा; आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा मॉइश्चरायझर लावा. व्हॅसलीन पाणी देत नाही, आहे ते अडवतं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. चेहऱ्यावर पिंपल्स येत असतील तर तिथे खोबरेल नको, बिनवासाचं हलकं क्रीम बरं. लोकरी स्वेटरच्या आत सुती शर्ट घाला.

आता महत्त्वाचं. प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. नाकाशेजारी, भुवयांत पिवळसर चिकट पापुद्रे असतील तर तो कोंड्याचा भाऊ. तेल चोपडून तो वाढू शकतो. लाल कडेचं गोल चट्टं म्हणजे बहुधा नायटा. आणि खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ असेल, रूममेटही खाजवत असेल, तर खरजेचा संशय घ्या. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगावर आला की खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणून 'मला कुठे खाजतंय?' म्हणणाऱ्या रूममेटनेही त्याच दिवशी औषध लावायचं, आणि चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे. नाहीतर खरूज रूममध्ये गोल गोल फिरत राहते.

मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' मात्र आणू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण नायटा आत पसरतो, खरूज झाकली जाते, आणि चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन लाल पडते. मॉइश्चरायझर लावून दोन आठवड्यांत फरक नाही, तर सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

खरूज घाणेरड्यांनाच होते हा शुद्ध गैरसमज आहे. एका खोलीत चौघं राहिलो की ती कोणालाही होते. तेव्हा लपवू नका, आणि ज्याला झाली त्याला चिडवू नका. तो लाजून गप्प बसला तर पुढच्या महिन्यात अख्खी विंग खाजवेल!