गाळप हंगामापूर्वी ट्रॅक्टरच्या गिअर बॉक्सचे तेल तपासा



दिवाळीच्या सुमारास आपल्या बारामती-इंदापूर भागात ऊसतोड सुरू होते आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या वाटेला ट्रॅक्टर लागतात. अशात भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर वाटेतच बसला तर? मिस्त्री मिळेपर्यंत तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखरेचा उताराही कमी होतो. टोळीची मजुरी बुडते ती वेगळीच.

इंजिनाचं तेल आपण वेळेवर बदलतो. गिअर बॉक्सचं मात्र पुढं ढकलतो, कारण ते तीस-चाळीस लिटर, काही मॉडेलला त्याहूनही जास्त लागतं. पण हल्लीच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये हेच तेल गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट सांभाळतं. ऑइल ब्रेक असतील, तर तेही याच तेलात बुडालेले असतात. म्हणून तेल बघणं हे ब्रेक बघण्याइतकंच गरजेचं आहे.

तपासणी अशी करा :

1. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. लिफ्ट खाली सोडा, इंजिन बंद करा. थोडं थांबून तेलाची पट्टी पुसून पुन्हा बुडवा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं.

2. तेल दुधाळ किंवा ताकासारखं दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय असं समजा. शंका असेल तर उघड्यावर एक जुना पत्रा तापवून, तोंड लांब ठेवून, तेलाचा एकच थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे.

3. तेल काळं पडून करपल्याचा वास येत असेल, तर ते तापून खराब झालंय.

4. तेल सोडताना नटाच्या लोहचुंबकावर बारीक करडी भुकटी दिसली, तर घाबरू नका. पण लोखंडाचे कण, तुकडे निघाले तर गिअर झिजताहेत. मिस्त्रीला दाखवल्याशिवाय ट्रॅक्टर उसाला लावू नका.

तेल कधी बदलावं? बऱ्याच मॉडेलना हजार तासांच्या आसपास बदलावं लागतं. पण आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकातले तास हेच खरे. पाणी शिरलं असेल, तर तासांची वाट बघू नका. ते कुठून शिरलं हे शोधून आधी बंद करा.

तेल कोमट असताना सोडा, म्हणजे गाळही निघतो. फिल्टर बदला, जाळी धुवा. पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचंच तेल भरा. स्वस्त म्हणून दुसरं भरलं, तर ऑइल ब्रेक कुरकुरतात, नीट लागत नाहीत. दोन ट्रॉल्या मागं असताना उतारावर हे जिवावर बेतेल.

जुनं तेल पाटात, विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याला द्या.

तेल बदलल्याची तारीख आणि मीटरवरचे तास घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिली मोळी ट्रॉलीत पडायच्या आत एवढं काम उरकून घ्या.