नेपानगरच्या फाटकाशी

वाचक वृत्तपत्रातील मजकूर पाहतो, कागद पाहत नाही. परवाना आणि कोटा यांच्या काळात ज्यांनी छापखाने चालविले, त्यांना मात्र कागदाचे गाव ठाऊक होते. खांडवा-भुसावळ लोहमार्गावर, खानदेशाच्या शिवेलगत, पूर्वीच्या पूर्व निमाड आणि आताच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगर वसले, ते कागदाच्या गिरणीमुळेच. १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले आणि २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ती गिरणी राष्ट्राला अर्पण केली. बांबू आणि सालईच्या लाकडापासून वृत्तपत्री कागद करणारी ही गिरणी पुढे पंचवीस वर्षे देशात एकमेव होती. २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी तिचे उत्पादन थांबले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधली सहा वर्षे त्या गावाने कशी काढली असतील, याची कल्पना एकाच चिमणीच्या धुरावर चूल पेटणाऱ्या कोणत्याही गावाला येईल.

ज्या १९५५ साली नेपानगरात कागद तयार होऊ लागला, त्याच वर्षी जिनेव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने अपंगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाची ९९ क्रमांकाची शिफारस संमत केली. हा निव्वळ योगायोग आहे. पण तो आम्हाला विसरवत नाही. त्या शिफारशीनंतर १९८३ मध्ये १५९ क्रमांकाचा करार झाला, २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा अपंग हक्क करार झाला आणि २००७ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. सरकारांनी सह्या केल्या. पण नोकरी बहुधा सरकार देत नाही, मालक देतो. हे उमगल्यावर २०१० मध्ये श्रम संघटनेच्या छत्राखाली जगातील मोठ्या कंपन्यांचे उद्योग आणि अपंगत्व यांविषयीचे जाळे उभे राहिले आणि २०१५ मध्ये त्याची दहा तत्त्वांची सनद आली. भेदभाव न करणे, जागा आणि साधने सर्वांना वापरता येतील अशी करणे, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याची नोकरी टिकविणे, त्याची माहिती गुप्त राखणे आणि आपला अनुभव इतर मालकांना सांगणे, ही त्यांतील काही कलमे.

मालकांचा हा मेळा म्हणजे स्वतःची पाठ स्वतः थोपटण्याची सोय, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. मालकाला धर्मोपदेश पटत नाही आणि निरीक्षकाची नोटीस तर मुळीच पटत नाही. दुसरा मालक काय करतो हे मात्र तो बारकाईने पाहतो. यंत्राच्या खोलीत अंध माणूस कसा वावरेल, अपघात झाला तर काय, काम जमले नाही तर त्याला काढता येईल काय, हे प्रश्न मनात असतात; पण ते उघड विचारण्याची लाज वाटते. समव्यवसायी भेटला की ती लाज गळते. इंग्लंडमध्ये १९९१ मध्ये मालकांनी असे मंडळ काढले. शेजारच्या श्रीलंकेतही मालक महासंघाने तसा प्रयत्न केला. आपल्याकडे होसूरच्या टायटनच्या घड्याळ कारखान्याने आरंभापासून अपंगांना कामावर घेतले. त्याही आधी गिरणीमालक आणि कसोटी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी मुंबईत आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध याच कामी वेचला. तेव्हा ही कल्पना परकी नाही.

मध्यंतरी सरकारी भाषेत ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. पगारपत्रकात त्यामुळे काय फरक पडला, ते आम्हाला समजलेले नाही. येथे आम्ही जुनाच शब्द वापरीत आहोत.

आमचा प्रश्न असा, की जिनेव्हाची सनद नेपानगरच्या फाटकाशी पोहोचते काय? मुंबई किंवा बंगळूरात एका कंपनीने नाकारले तर अपंग तरुण दुसरीचे दार ठोठावू शकतो. नेपानगरला दुसरे मोठे दार नाही. जवळच्या बऱ्हाणपुरात यंत्रमाग आहेत, पण चार-सहा मागांचा धनी कोणत्या आंतरराष्ट्रीय सभेत बसणार? त्या जाळ्यात नावे आहेत ती अजस्र कंपन्यांची. देशातील बहुसंख्य कामगार मात्र लहान धन्यांकडे राबतात.

आणि काम अशक्य असते असेही नव्हे. कागदाच्या यंत्राच्या दालनात इतका घरघराट असतो, की धडधाकट कानांची माणसेही हातवाऱ्यांनीच बोलतात. तेथे बहिऱ्या माणसाची अडचण कोणती? भोंगा त्याला ऐकू येणार नाही, ही. भोंग्याशेजारी लाल दिवा लावला की तीही बहुतांशी सरते. रद्दी निवडणे, रिळांचे वजन आणि नोंद, प्रयोगशाळेतील तपासणी, हिशेब, भांडार यांतील प्रत्येक काम कोणत्या ना कोणत्या अपंगाला करता येते. कोणते काम कोणाला, हे ठरविण्यास मात्र कोणीतरी वही घेऊन दालनातून फिरावे लागते. हे फिरणेच आपल्याकडे होत नाही.

नेपानगरची गिरणी केंद्र सरकारची. म्हणून २०१६ च्या कायद्यातील ४ टक्के राखीव जागांचे कलम तिला लागू आहे. पण आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते २० वे कलम: सेवेत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेने त्या माणसाला काढू नये, त्याचा दर्जा घटवू नये, झेपेल अशा कामावर त्याच वेतनाने बदलावे, आणि तशी जागा नसल्यास अधिक जागा निर्माण करून त्याला सांभाळावे. १९९५ च्या कायद्यातही असे कलम होते. पाय गमावलेल्या एका शिपायासाठी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याची आठवण करून द्यावी लागली. राखीव जागा कशा मोजाव्यात, एवढे ठरायलाच १९९५ पासून २०१३ पर्यंत अठरा वर्षे आणि सर्वोच्च न्यायालय लागले! आणि ज्याच्या हाताची बोटे यंत्रात जातात तो पुष्कळदा कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचा असतो. त्याला २० व्या कलमाची ढाल सहजासहजी लाभत नाही. सनदेतील ‘नोकरी टिकविणे’ या तत्त्वाला अर्थ असेल तर तो प्रथम या माणसापाशी असला पाहिजे.

खासगी मालकांविषयी आमचा कायदा फारच हळुवार बोलतो. त्यांच्या नोकरवर्गात किमान ५ टक्के अपंग असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावे, तेही आर्थिक कुवतीच्या मर्यादेत! एप्रिल २००८ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या अपंग नोकरांच्या भविष्यनिर्वाह निधीतील आणि राज्य कामगार विम्यातील मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकारने भरण्याची योजना होती. तिला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. जर्मनीत वीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकाने ५ टक्क्यांचा वाटा न भरल्यास त्याला रक्कम मोजावी लागते. जपानात एप्रिल २०२४ मध्ये हा वाटा २.५ टक्के झाला आणि तेथेही मोठ्या मालकांना तूट पैशाने भरावी लागते. दंड भरून मोकळे होणारे तेथेही आहेत. पण निदान कोण किती कमी पडला, हे तेथे मोजले जाते. येथे २०११ च्या जनगणनेने २ कोटी ६८ लाख अपंग मोजले आणि त्यांतील जेमतेम ३६ टक्के कामकरी आढळले. बाकीच्यांनी दार ठोठावले की ठोठावण्याचाच कंटाळा केला, ते आकडा सांगत नाही.

आम्ही हे दूरच्या गावाबद्दल लिहीत आहोत आणि आमचे अंगण स्वच्छ आहे, असे नव्हे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला. बाहेरगावची माणसे आली, राज्याचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. त्याच २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३ हजार अपंगांची नोंद होती. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांनी आणि किनाऱ्यावरील हॉटेलवाल्यांनी आपापल्या हजेरीपटावरील अपंगांची संख्या दर वर्षी ३ डिसेंबरला जाहीर करावी. नावे नकोत, नुसती संख्या. सनदेची दहा तत्त्वे मराठीत आणि कोकणीत छापून कारखान्याच्या फलकावर लावावीत. कोणास तो तर्जुमा हवा असल्यास आमच्या कचेरीत एक दुपार बसून तो करून देण्यास आम्ही तयार आहोत. एक प्रत टपालाने नेपानगरलाही धाडू.