इस्पितळातला ग्रंथपाल



ग्रंथपाल म्हटले की गावच्या वाचनालयातले, पुस्तक उशिरा परत केले तर दंडाची पावती फाडणारे गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. मोठ्या इस्पितळांतही ग्रंथपाल असतो आणि त्याच्या कामावर कधी कधी रोग्याचा जीव अवलंबून असतो, हे फारसे कुणाच्या ध्यानात येत नाही.

गट कार्यालयात सभासद येऊन म्हणतात, "साहेब, हुमणीवर औषध सांगा." एकदम सांगून भागत नाही. लागण की खोडवा, जमीन कसली, अळी केवढी झाली, हे आधी विचारावे लागते. डॉक्टर प्रश्न घेऊन आला की ग्रंथपालही असाच खोदून विचारतो. रोग्याचे वय काय, बाई गरोदर आहे काय, मूत्रपिंड अधू आहे काय, आधीची औषधे कोणती? मग हजारो लेखांतून उपयोगाचे चार-पाच काढून देतो. औषध तो ठरवीत नाही, ते डॉक्टरचेच काम.

अमेरिकेत कॅन्सस सिटीला १९७१ साली गर्ट्रूड लॅम्ब या बाईंनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर थेट राउंडवर पाठवायला सुरुवात केली. प्रश्न खाटेपाशी निघतो, तर तो तिथेच ऐकावा, हा साधा विचार. पुढे रॉचेस्टर भागातल्या १५ इस्पितळांची पाहणी १९९२ साली प्रसिद्ध झाली. ग्रंथालयाकडून माहिती घेतलेल्या २०८ डॉक्टरांपैकी सुमारे ८० टक्के म्हणाले, या माहितीमुळे आमच्या उपचारात काही ना काही फरक पडला. कुणी तपासण्या बदलल्या, कुणी औषध.

शोध अपुरा राहिला तर काय होते, तेही बघा. २००१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत दम्यासंबंधीच्या प्रयोगात २४ वर्षांच्या एका धडधाकट तरुणीला हेक्झामेथोनियम हे औषध हुंगायला दिले. तिची फुफ्फुसे निकामी झाली आणि महिन्याच्या आत ती वारली. संशोधकाने पबमेड ही संगणकावरची यादी पाहिली होती. पण ती त्या वेळी १९६६ च्या मागे जात नव्हती. हे औषध फुफ्फुसाला अपाय करते असे सांगणारे लेख १९५० च्या दशकातच छापले गेले होते. चुका इतरही झाल्या, पण यादी कुठे संपते आणि तिच्या मागचे कुठे शोधायचे, हे जाणणे ग्रंथपालाचा रोजचा धंदा आहे. एखाद्या जुन्या जाणत्या ग्रंथपालाने तेवढ्यासाठी छापील सूच्यांचे जाडजूड खंड उघडले असते.

आपल्याकडे मेडिकल कॉलेजला ग्रंथालय असते. तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात मात्र डॉक्टरलाच, रोगी तपासून झाल्यावर, ही शोधाशोध करावी लागते. पबमेड १९९७ पासून सर्वांना फुकट पाहता येते. पण तिथे बहुतेक लेखांचा सारांशच मिळतो, पुरा लेख मिळवायला पुन्हा एखाद्या ग्रंथालयाचेच दार ठोठवावे लागते.

— ऊसविकास अधिकारी