नातलगाच्या शैक्षणिक कर्जास जामीन राहण्यापूर्वी

भाताच्या रोपांची लावणी आणि महाविद्यालयांतील प्रवेश ही दोन्ही कामे एकाच सुमारास येतात. शेतकऱ्याचे चित्त शेतात गुंतलेले असताना शहरातील नातलग कागद घेऊन दाराशी येतो आणि चहा होण्याच्या आत सही होऊन जाते. या सहीचा अर्थ काय व ती करण्यापूर्वी कोणता हिशेब मांडावा, याची माहिती प्रत्येक खातेदारास असणे अगत्याचे आहे.

कोल्हापूर शहरातील मंगळवार पेठेचे उदाहरण घेऊ. मिरजकर तिकटीच्या आसपास भाड्याच्या घरात राहून लहानसे दुकान किंवा नोकरी यांवर चरितार्थ चालविणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. समजा, अशा एका कुटुंबातील मुलास अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या शिक्षणक्रमास प्रवेश मिळाला व सहा लाख रुपयांचे कर्ज हवे आहे. वडिलांच्या नावे शहरात मिळकत नाही. आईचे माहेर करवीर तालुक्यात असून तिच्या भावाच्या नावे दीड एकर बागायत आहे. मग सर्वांची दृष्टी मामाच्या सातबाऱ्याकडे वळते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला, त्यामुळे खेड्यातील मुलास शहरात आश्रय मिळाला. आज शहरातील मुलाच्या शिक्षणास खेड्यातील जमिनीचा आधार मागितला जातो, ही परिस्थितीची उलटापालट लक्षात घेण्याजोगी आहे.

जामीनकी शेतकऱ्यास नवी नाही. सेवा सोसायटीच्या व्यवहारात एका सभासदाने दुसऱ्यास जामीन राहावे, ही रीत जुनी आहे. परंतु याच अनुभवामुळे फसगत होण्याचा संभव अधिक असतो. पीककर्जाच्या मागे शेतात डोळ्यांदेखत उभे असलेले पीक असते. ऊस कारखान्यास गेला की सोसायटीची रक्कम बिलातून परस्पर वळती होते व जामीनदार एका हंगामात मोकळा होतो. शिवाय ज्यास आपण जामीन राहिलो, तो बहुधा आपल्यालाही जामीन असतो. शैक्षणिक कर्जाचे तसे नाही. त्याची परतफेड मुलाच्या भावी नोकरीवर अवलंबून असते. शिक्षणाचा काळ व त्यापुढील एक वर्ष सामान्यतः हप्ता नसतो आणि त्यानंतरची मुदत पंधरा वर्षांपर्यंत असू शकते. पंचेचाळिसाव्या वर्षी केलेली सही साठी उलटल्यावरही जिवंत राहू शकते.

कायदा काय म्हणतो

“आधी मुलाकडून वसूल करतील, मग बापाकडून, आपला क्रमांक शेवटी” असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने प्रथम कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपविले पाहिजेत असे बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात १९६८ साली स्पष्ट केले. दोन जामीनदार असले, तरी करारात मर्यादा घातली नसल्यास बँक संपूर्ण रक्कम एकाकडून मागू शकते. निम्मा वाटा दुसऱ्याकडून मिळविणे हे मग जामीनदारांचे आपापसातील काम होय.

दुसरा समज जमिनीविषयी आहे. तारणावरील वसुलीसाठी बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने जे विशेष अधिकार मिळाले, त्यांतून शेतजमीन वगळलेली आहे, हे खरे. परंतु त्यावरून जमीन सर्वस्वी सुरक्षित आहे असे मानू नये. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जमिनीवर जप्ती येऊ शकते. शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे व राहते घर यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे, जमिनीला तसे सरसकट संरक्षण नाही. कर्ज नागरी सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळून ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते.

जामीनकीची नोंद जामीनदाराच्या पतअहवालातही होते. भाच्याचे हप्ते थकले म्हणजे मामास ठिबक सिंचनासाठी वा ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळणे कठीण होते. जामीनदार मरण पावल्यास उचल झालेल्या रकमेची जबाबदारी वारसांना मिळालेल्या मिळकतीपुरती त्यांच्यावर येते. म्हणून घरातील पत्नी व कर्त्या मुलांना विचारल्याशिवाय अशी सही होता कामा नये.

उसाच्या मापाने हिशेब

सहा लाख हा आकडा कागदावरचा आहे. प्रत्येक वर्षाच्या आरंभी दीड लाख उचलले, व्याज शेकडा १० धरले आणि पाच वर्षे ते भरले नाही, तर सरळ व्याजाने २ लाख १० हजार रुपये वाढून हप्ते सुरू होताना कर्ज ८ लाख १० हजार होते. दहा वर्षांच्या फेडीस महिना सुमारे १०,७०० रुपये, म्हणजे वर्षास सुमारे १ लाख २८ हजार रुपये लागतात. उसास टनास ३,००० रुपये मिळतात असे धरल्यास हा ४३ टन ऊस झाला. दीड एकरातून एकरी ४० टनांप्रमाणे ६० टन निघाले, तर बियाणे, खते व मजुरी वजा करण्यापूर्वीच त्यांतील ४३ टन बँकेकडे जातील. हे एक वर्ष सोसेल. दहा वर्षे सोसेल काय, याचे उत्तर मामाने स्वतःशीच द्यावयाचे आहे. सोसत नसेल तर मुलाच्या हुशारीवर कितीही विश्वास असला तरी सही करू नये. हुशार मुलालाही पहिली नोकरी उशिरा लागते, आणि आजारपण गुणपत्रिका पाहून येत नाही.

तथापि नकार देण्यापूर्वी जामीनदाराची आवश्यकता खरोखरच आहे काय, हे विचारावे. पुष्कळदा ती नसते! बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत पालक सहकर्जदार असतात व तारण किंवा त्रयस्थ जामीन मागितला जात नाही. २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीखाली साडेसात लाखांपर्यंतची पात्र कर्जे त्रयस्थ जामिनाशिवाय देण्याची सोय आहे. वरील उदाहरणातील सहा लाख या मर्यादेत बसतात. निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेतही तारण व जामीन यांची अट नाही. तेव्हा एखाद्या संस्थेने जामीन मागितला तर दुसऱ्या बँकेत चौकशी करावी व नकाराचे कारण लेखी मागावे. कर्जाची रक्कमच कमी होते काय, हेही पाहावे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे; आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणक्रमांत संपूर्ण शुल्कमाफीचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला.

एवढे करूनही जामीन लागतच असेल आणि हिशेब बसत असेल, तर जबाबदारीची कमाल रक्कम करारात आकड्याने लिहून घ्यावी. आपण ‘जामीनदार’ आहोत की ‘सहकर्जदार’, हे सहीच्या जागेवरील छापील शब्दावरून तपासावे. सहकर्जदार हा पहिल्या दिवसापासून स्वतःच कर्जदार असतो. कर्जाच्या अटी जामीनदाराच्या संमतीवाचून बदलल्या तर पुढील व्यवहारांपुरता तो कलम १३३ प्रमाणे मुक्त होतो. पण छापील नमुन्यांत हा हक्क सोडून दिल्याचे कलम बहुधा असते, ते शोधून वाचावे. हप्ते सुरू होईपर्यंत व्याज दरमहा भरले जाईल अशी बोली मेहुण्याकडून घेणे बरे; वरील उदाहरणात त्याने २ लाख १० हजारांची वाढ टळते.

हिशेब बसत नसेल तर बहिणीस ते आकडे दाखवून सांगावे. “बघू, करू” असे म्हणत प्रवेशाची मुदत संपू देणे हे स्पष्ट नकाराहून वाईट, कारण तेवढ्या दिवसांत दुसरी वाट शोधता आली असती. जामीनकीऐवजी एका गळीत हंगामाच्या बिलातून ठरावीक रक्कम देणे, किंवा खोलीभाड्याचा अथवा धान्याचा भार उचलणे, ही मदतच आहे. आणि तिची सीमा देणाऱ्याच्या हाती राहते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे कागद घेऊन येणाऱ्यास ते मोठ्याने वाचून दाखवावेत व कोऱ्या नमुन्यावर सही होऊ देऊ नये. सही झालेल्या कराराची प्रत जामीनदाराने स्वतःजवळ ठेवावी, दरवर्षी कर्जखात्याचा उतारा मागावा आणि प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळणारा आपला अहवाल पाहावा. कर्ज फिटल्यावर बेबाकीचा दाखला कर्जदाराबरोबर जामीनदारानेही मागून घ्यावा आणि तो सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत जपून ठेवावा.