टेबल नसलेलं बाळंतपण

बाळंतपण करायचं म्हणजे टेबलाच्या पायथ्याशी उभं राहायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. रेसिडेन्सी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात झाली. ओळीनं मांडलेली टेबलं, पाय अडकवायचे स्टिरप, खाली रबरी शीट आणि बादली. बाई उताणी, आम्ही उभे. रात्रीच्या ड्यूटीत चेहरे लक्षात राहत नसत, पण कुठल्या टेबलावरचे टाके घालायचे राहिलेत हे पक्कं ठाऊक असे. पहिलटकरीण म्हटली की एपिसिओटॉमी, म्हणजे योनीमुखाशी छेद, जवळजवळ ठरलेली. आई, सासू, नवरा सगळे दाराबाहेर. आतली ओरडली तर आयाबाईपासून रजिस्ट्रारपर्यंत कुणीही तिच्यावर खेकसत असे. हात मात्र तयार झाले. व्हॅक्यूम, फोर्सेप्स, अपरात्रीचं सिझर, अडकलेली वार हातानं काढणं, सगळं तिथं शिकले. त्या शिक्षणाला मी आजही नावं ठेवत नाही.

लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. परदेशी डॉक्टरांना द्यावी लागणाऱ्या प्लॅब परीक्षेची पुस्तकं आणली, काही महिने वाचली आणि मग मिडवाइफच्या पदवीसाठी अर्ज केला. साताऱ्याहून आत्याचा फोन आला. “एवढं एम.डी. केलंस ते सुईणपण करायला होय गं?”

आत्याचा प्रश्न गैर नव्हता. इंग्लंडमध्ये 1902 सालच्या कायद्यापासून मिडवाइफ हा नोंदणीकृत, स्वतंत्र व्यवसाय आहे, हे तिला कुठून माहीत असणार? धोका कमी असलेल्या गरोदर बाईची पहिल्या तपासणीपासून बाळंतपणानंतरच्या भेटींपर्यंतची जबाबदारी मिडवाइफच घेते. टाके घालते, ठरावीक औषधं आपल्या अधिकारात देते. डॉक्टर लागतो तो गाडी रुळावरून घसरली तर. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यात देखरेखीखाली 40 बाळंतपणं स्वतः करावी लागतात आणि प्रत्येकाखाली वरिष्ठ मिडवाइफची सही. आकडा वाचून मला हसू आलं होतं. पहिल्याच बाळंतपणाला शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठ मिडवाइफनी माझं मनगट धरून हात खाली घेतला, तेव्हा हसू थांबलं. डोकं दिसायला लागलं की माझी बोटं आपोआप पुढे जात. “तिचं ती करतेय,” एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टरनं या वाटेला लागणं तसं नवं नाही. मिशेल ओदाँ हे फ्रेंच सर्जन. पिथिव्हिए गावच्या रुग्णालयात 1962 पासून 1985 पर्यंत होते. कळा सोसताना बाईला कोमट पाण्याच्या हौदात बसू देण्याची पद्धत त्यांनी तिथं रुजवली आणि पुढे लंडनमध्ये घरगुती बाळंतपणांना जाऊ लागले. मिडवाइफनं कोपऱ्यात बसून विणकाम करावं, असं ते सांगत. मला विणता येत नाही. पण घरोघरी जाणाऱ्या पथकात आल्यावर त्यांचा मुद्दा पटला. बाईकडे टक लावून बसलं की ती आवरून घेते, आणि कळाही मंदावतात.

दार उघडल्यावर मी आधी बाईकडे नाही, जिन्याकडे बघते. जिना किती अरुंद आहे, खुर्चीत बसवून तिला खाली आणता येईल का, अँब्युलन्स कुठं उभी राहील, फोनला रेंज आहे का. म्हणजे पहिली तयारी घरातून निघण्याची! मग सामान: वेदना कमी करायला गॅस अँड एअरचे सिलिंडर, औषधांची पेटी, टाक्यांचं सामान. बाळ रडलं नाही तर त्याला श्वास द्यायला बॅग आणि मास्क. ते एखाद्या कपाटावर, टणक जागी मांडायचं. टॉवेल हीटरवर. तोवर नवरा स्वयंपाकघरातल्या नळाला पाइप जोडून फुगवलेला पूल भरत असतो. निम्म्यात गरम पाणी संपतं आणि किटल्या सुरू होतात. पाणी 37.5 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण आई तापली की बाळही तापतं.

मागच्या हिवाळ्यातल्या एका घरात दुसरं बाळंतपण होतं. बाई शाळेत शिक्षिका. थोरल्याचं दप्तर, त्याचा डबा, सकाळी त्याला कोण सोडणार, हे ती दोन कळांच्या मध्ये नवऱ्याला सांगत होती. मी दर पंधरा मिनिटांनी, कळ ओसरली की पूर्ण एक मिनिट, बाळाचे ठोके ऐकायची. 110 ते 160 मध्ये असले की पुन्हा कोपऱ्यात. मग डब्याविषयीचं एक वाक्य तिनं अर्धवट सोडलं आणि पुढं पुरं केलंच नाही. आवाज घशातून पोटात उतरला. पायाची बोटं आवळायला लागली. ती पुढं वाकली तेव्हा माकडहाडाच्या खालून वर चढणारी जांभळट रेघ दिसली. गर्भाशयाचं तोंड उघडत जातं तशी ती रेघ वर सरकते. सगळ्यांना ती उमटत नाही, त्यामुळे एकट्या रेघेवर विसंबायचं नसतं. पण आतून तपासण्याआधी इतकं काही बाहेरून वाचता येतं, हे मला एम.डी.पर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी दुसऱ्या मिडवाइफला फोन केला. बाळ येताना दोघी लागतातच, एक आईसाठी, एक बाळासाठी.

ती पुलातून बाहेर आली, गालिच्यावर गुडघे टेकले आणि सोफ्यावर ओणवी झाली. इथं टेबलाचा पायथा नाही, आणि सगळं उलटं. उताण्या बाईचं बाळ बहुधा जमिनीकडे तोंड करून येतं. या अवस्थेत ते तुमच्याकडे बघत येतं. टेबलावर शेवटी येणारा मागचा खांदा इथं बऱ्याचदा आधी सुटतो. सवयीचे हात निरुपयोगी ठरतात. आता ठोके दर पाच मिनिटांनी. डोकं बाहेर आलं, आणि कळ संपली. जांभळा चेहरा बाहेर, अंग आत, खोलीत फक्त बॉयलरचा आवाज. मुंबईत या क्षणी बोट मानेशी जायचं, नाळ चाचपून खेचायला सुरुवात व्हायची. इथं टॉर्च धरून बघत राहायचं. पुढच्या कळेला डोकं आपोआप वळलं, खांदे सुटले, आणि तिच्याच पायांमधून बाळ पुढे सरकवून मी तिच्या हातात दिलं. नाळेचे ठोके थांबेपर्यंत ती कापली नाही.

खरी धाकधूक यानंतर. वार पडायची असते. तिला त्यासाठीचं इंजेक्शन नको होतं, म्हणून थांबायचं, फार तर तासभर. ऑक्सिटोसिन मात्र भरून हाताशी. भिजलेले पॅड वजनकाट्यावर ठेवायचे, कोरं वजन वजा करायचं. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर रक्त. अंदाजावर जायचं नाही, रक्त नेहमी असतं त्याहून कमीच वाटतं. वार आली की ट्रेमध्ये उलटसुलट करून बघायची: तुकडा आत राहिलाय का, पडदे पूर्ण आहेत का, नाळेत तीन रक्तवाहिन्या आहेत का. अडकलेली वार काढायची कशी हे माझ्या हातांना अजून आठवतं. घरात तो अधिकार मला नाही आणि नसावाच. भूल नाही, रक्तपेढी नाही. अशा वेळी अँब्युलन्स.

त्या रात्री लागली नाही. पण पहिलटकरणीला मी आकडे आधीच सांगते. इंग्लंडमधल्या सुमारे 64,500 कमी धोक्याच्या बाळंतपणांचा ‘बर्थप्लेस’ अभ्यास 2011 मध्ये आला. घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी 45 टक्क्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. मृत्यू किंवा गंभीर इजा यांसारखे बाळाचे वाईट परिणाम त्यांच्यात हजारी 9.3, रुग्णालयात 5.3. आधी बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये बाळाच्या दृष्टीनं लक्षणीय फरक नाही, हलवावं लागलं ते 12 टक्क्यांना. आणि सिझरचं प्रमाण एकूण घरी 2.8 टक्के, रुग्णालयात 11.1. घरगुती बाळंतपणाचे भक्त पहिला भाग गाळतात, माझे जुने डॉक्टर मित्र दुसरा. हलवावं लागण्याची कारणं बहुतेकदा साधी असतात: बाळंतपण रेंगाळलं, वेदना असह्य झाल्या. कधी निघायचं हे वेळेत ओळखणं, हे या कामातलं निम्मं कौशल्य. मी निघताना लाजत नाही, थोडी लवकरच निघते.

इस्लामपूरच्या मावसबहिणीनं मध्यंतरी विचारलं, “ताई, मी घरीच करू का?” मी नाही म्हटलं. माझ्या बॅगेमागे काही मिनिटांत येणारी अँब्युलन्स असते, आणि फोन केल्याबरोबर जागा करून देणारा लेबर वॉर्ड. ते नसतील तर मी औषधं घेऊन आलेली एक बाई, बस. महाराष्ट्रात आता शंभरातली सुमारे 95 बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि त्यानं बायका वाचल्यात. सिझर पंचवीसच्या आसपास आहेत, तो निराळा विषय. सरकारी प्रसूतिगृहांसाठी केंद्राच्या 2017 च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात बाळंतिणीजवळ सोबत असू द्यावी असं आहे. 2018 मध्ये परिचारिकांना दीड वर्षाचं मिडवाइफरीचं प्रशिक्षण देण्याचं धोरणही आलं. मावसबहिणीचा दवाखाना खाजगी. तरी मी तिला दोन गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या: आई आत येऊ शकेल का, आणि टेबलावर न झोपता कळा घेता येतील का.

तिनं विचारलं. डॉक्टरांनी आईला आत घेतलं. टेबलावरून मात्र उतरू दिलं नाही.