अरोवानावरील शस्त्रक्रिया

आग्नेय आशियातील नद्यांचा मूळ रहिवासी असलेला, चिनी लोकांनी ड्रॅगनसदृश व म्हणून शुभ मानलेला अरोवाना मासा, ज्याच्या निसर्गातून पकडलेल्या माशांच्या व्यापारास आंतरराष्ट्रीय करारान्वये मनाई आहे, तो काचेच्या टाकीत दोन व्याधींनी वारंवार पीडित होतो. एकीत डोळा खाली कलतो. दुसरीत कल्ल्याच्या झाकणाची मऊ किनार बाहेर वळते व आतील नाजूक कल्ले उघडे पडतात, आणि याच्या मुळाशी बहुधा अस्वच्छ पाणी व अपुरी जागा हीच कारणे असतात.

सिंगापुरातील जाणकार हात माशाला भुलीच्या पाण्यात निश्चल करून ती वळलेली किनार बारीक कात्रीने कापतात आणि नंतर, कल्ल्यांची उघडझाप पूर्ववत होईपर्यंत, स्वच्छ पाण्यात त्यास तळहातांवर अलगद तोलून धरतात. पाणी निर्मळ राहिले तर किनार पुन्हा सरळ वाढते. डोळ्यामागील ऊतक सैल करून डोळा वर सारण्याची क्रिया मात्र केवळ सौंदर्यासाठी होते, आणि मला ती सर्वथा असमर्थनीय वाटते.

कल्ल्याची व्याधी प्रारंभिक असेल तर वारंवार पाणी बदलणे व प्रशस्त टाकी एवढ्यानेही पुष्कळदा गुण येतो. म्हणून पाळणाऱ्यांनी आधी तेच करावे, आणि कात्री मत्स्यवैद्याच्याच हाती राहू द्यावी.